छप्पर माझ्याकडे आलंय

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, तू परवा फोनवर विचारलंस, "एवढं शिकून तिकडे सुतारकाम करतेस?" करते. आणि पैसे मिळत नाहीत, हेही आधीच सांगून टाकते. इथे ओहायोत लहानसहान गावांतही हौशी नाटकमंडळ्या असतात. आठवडाभर जो तो आपापल्या नोकरीवर, शनिवारी सगळे करवती घेऊन हजर. सांगलीची आहे म्हटल्यावर मी त्यांना विष्णुदास भाव्यांचं १८४३ सालचं 'सीतास्वयंवर' सांगितलं. तेव्हापासून त्यांना वाटतं, मी नाटकवाल्या घराण्यातली. मीही नाही म्हटलं नाही.

यंदा 'फिडलर ऑन द रूफ' बसतंय. झारच्या रशियातला गरीब ज्यू दूधवाला आणि त्याच्या लग्नाच्या मुली. मुली एकेक करून आपले नवरे आपणच पसंत करतात. (आई, हे वाक्य वाचून पुढे जा.)

बाबा, नावातलं छप्पर माझ्याकडे आलंय. उतरत्या छपरावर बसून एक जण व्हायोलिन वाजवणार, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले, धरायला काही नाही. म्हणून फळ्यांआड सपाट बैठक केली, पाय टेकायला आडवी पट्टी मारली आणि मागून चढायला कठड्याचा जिना दिला. सांगाडा खिळ्यांवर नाही, नटबोल्टवर. इथे 'टू बाय फोर' म्हणून जे लाकूड विकतात, ते मोजलं तर दीड बाय साडेतीन इंच भरतं. रंधा मारण्याआधीचं माप सांगतात. तुम्ही वखारीत भांडलाच असता.

मला खरी मजा येते ती रंगात. फ्लॅटना, म्हणजे देखाव्याच्या भिंती होणाऱ्या उभ्या चौकटींना, आधी गडद तपकिरी रंग द्यायचा. तो वाळला की फिकट रंगात ब्रश जेमतेम टेकवायचा, कागदावर पुसायचा आणि जवळजवळ कोरडाच एका दिशेने ओढायचा. जवळून नुसते फराटे दिसतात. दहाव्या रांगेतून बघा, पावसापाण्यात जुनी झालेली फळी!

घर चाकांवर आहे. एका अंगाने ओसरी, फिरवलं की स्वयंपाकघर. अंधारात, संगीत चालू असतानाच ते फिरवून चाकांचे ब्रेक लावायचे. पुढे लग्नात टोपीवर बाटल्या ठेवून नाच आहे, त्यामुळे जमिनीवर एकाही स्क्रूचं डोकं वर आलेलं चालत नाही. मी हात फिरवून तपासते.

आपल्याकडे दौऱ्यावरच्या नाटकाचा सेट टेम्पोत बसला पाहिजे, म्हणून सगळं हलकं, घडीचं. आमचा एकाच जागी उभा राहणार, म्हणून दणकट. शेवटचा प्रयोग झाला की मात्र त्याच रात्री मोडायचा आणि चांगलं लाकूड पुढच्या नाटकाला ठेवायचं.

आई, करवतीजवळ जाताना चष्मा घालते, केस बांधते. काळजी नको.

बाबा, गणपतीच्या मखरासाठी थर्माकोल कापायची गरम तार तुम्ही घरीच केली होती ना? मला धुराड्याच्या विटा कापायच्या आहेत. तार कुठली, ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा, ते रविवारच्या आत कळवा. माळ्यावर ती असेल तर फोटोच पाठवा.

तुमची,
मनू