घसरगाडी एक, खेळ तीन

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फाच्या वळणदार मार्गावरून सुसाट खाली येणाऱ्या वाहनाला मराठीत काय म्हणावे, यावर आपल्या पत्रांच्या सदरात सुरू असलेली चर्चा मी आवडीने वाचत आहे. एका पत्रलेखकाने ‘बॉबस्लेड’ हाच शुद्ध शब्द असल्याचे ठामपणे लिहिले, तर दुसऱ्याने परके शब्द टाळून सरसकट ‘बर्फगाडी’ म्हणावे असे सुचवले. भाषेविषयीची दोघांचीही तळमळ मला मनापासून पटते. मात्र दोन्ही सूचना स्वीकारल्या तर बातमी अधिक स्पष्ट होण्याऐवजी अधिक संदिग्ध होईल, असे मला वाटते.

‘बॉबस्लेड’ की ‘बॉबस्ले’ हा वाद शुद्ध-अशुद्धाचा नाही. अमेरिकेत पहिला शब्द चालतो, ब्रिटनमध्ये दुसरा, आणि दोन्हींचा उत्तरार्ध डच किंवा तिच्या जवळच्या जर्मन बोलींतून इंग्रजीत आलेला आहे. ‘बॉब’ हा भाग मात्र खेळातूनच आल्याचे सांगितले जाते: वेग वाढावा म्हणून सुरुवातीच्या काळातील खेळाडू गाडीत बसून एका लयीत मागेपुढे झुलत असत, त्या हालचालीवरून हे नाव पडले, असे म्हणतात. अमेरिकेतील संघटना आपल्या नावात ‘बॉबस्लेड’ लिहिते. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नावात मात्र ‘बॉबस्ले’ आहे. म्हणून मराठी वृत्तपत्राने ‘बॉबस्ले’ स्वीकारावे असे माझे मत आहे, पण ‘बॉबस्लेड’ लिहिणाऱ्याला चूक ठरवू नये. इंग्रजी शब्दाच्या शेवटी येणारी दोन अक्षरे अनुच्चारित असल्याने ‘बॉबस्लेघ’ किंवा ‘बॉबस्लेह’ ही रूपे मात्र टाळलीच पाहिजेत.

‘बर्फगाडी’वरचा माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. मालगाडी माल नेते, त्याच धर्तीवर बर्फगाडी म्हटले की बर्फ वाहून नेणारी गाडी डोळ्यांसमोर येते. याउलट बैलगाडी, हातगाडी, आगगाडी या शब्दांत पहिले पद ती गाडी कशाच्या बळावर चालते हे सांगते. त्या न्यायाने ‘घसरगाडी’ हा शब्द नेमका बसतो, कारण हे वाहन घसरण्यावरच चालते, आणि घसरगुंडीमुळे तो लहान मुलालाही परका वाटणार नाही. चाके नाहीत तर ती गाडी कशी, असे कोणी विचारील. पण चाके नसल्याचेच तर ‘घसर’ हे पद सांगते. ‘स्लेज’ हा शब्दही आपल्याकडे रुळला आहे, मात्र तो ऐकताच कुत्र्यांनी किंवा रेनडिअरने ओढलेली गाडी आठवते, आणि या खेळांत ओढणारे कोणीच नसते.

तरीही ‘घसरगाडी’ हे अशा सगळ्याच गाड्यांना लागू पडणारे सामान्य नाव आहे, आणि खरी गफलत इथेच होते. बहुतेक ठिकाणी एकाच बर्फाळ मार्गावर तीन वेगवेगळे खेळ होतात आणि बातमीत तिन्हींना एकच नाव मिळते. बॉबस्ले ही कवच असलेली गाडी आहे. खेळाडू ती ढकलत पळतात, उडी मारून आत बसतात, पुढचा चालक दोऱ्यांनी गाडीखालची, बर्फावर घसरणारी पुढची पाती वळवतो आणि शर्यत संपल्यावर मागचा खेळाडू ब्रेक लावतो. चौघांच्या गाडीचे खेळाडूंसह वजन ६३० किलोपर्यंत असू शकते. ल्यूजमध्ये खेळाडू एका लहानशा उघड्या गाडीवर उताणा, पाय पुढे करून झोपतो आणि पोटऱ्यांच्या व खांद्यांच्या दाबाने दिशा बदलतो. स्केलेटनमध्ये तो पालथा असतो, डोके पुढे, हनुवटी बर्फापासून अगदी थोड्या अंतरावर. या दोन्हींत ब्रेक नसतो. ल्यूजची वेळ सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत मोजतात, तर बॉबस्लेची शतांशापर्यंत. त्यामुळे नावाची अदलाबदल झाली की शेजारी छापलेला निकालही वाचकाला कोड्यात टाकतो.

तिन्ही खेळांचा इतिहासही वेगळा आहे. बॉबस्ले १९२४ च्या शामोनी येथील पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून आहे. स्केलेटन १९२८ आणि १९४८ मध्ये, दोन्ही वेळा स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरित्स येथे झाले आणि थेट २००२ मध्ये परतले. ल्यूज १९६४ मध्ये इन्सब्रुकला आले. भारताचे शिव केशवन १९९८ ते २०१८ अशा सलग सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरले ते ल्यूजमध्ये. त्यांना ‘बॉबस्लेपटू’ म्हणणे म्हणजे वीस वर्षांच्या कष्टांवर दुसऱ्याच खेळाचे नाव लिहिणे होय. नावांचा गोंधळ इंग्रजीतही कमी झालेला नाही. ‘टोबोगन’ हा शब्द उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींच्या भाषेतून आला आणि मुळात तो पाती नसलेल्या, सपाट तळाच्या, पुढून वळवलेल्या लाकडी गाडीचा. पण सेंट मॉरित्सला जाऊन तो पोलादी दांड्यांवर घसरणाऱ्या गाड्यांनाही चिकटला. आपण मराठीत पहिल्यांदाच हे शब्द घडवत असताना ती सरमिसळ उसनी घेण्याचे कारण नाही.

राहता राहिला लिंगाचा प्रश्न, ज्याकडे दोन्ही पत्रलेखकांचे लक्ष गेलेले दिसत नाही. बॉबस्ले उलटला, उलटली की उलटले? आपण बस, कार, सायकल, रिक्षा स्त्रीलिंगी वापरतो, पण ट्रक आणि टेम्पो पुल्लिंगी. मनात ‘गाडी’ हा शब्द असल्याने मी ‘बॉबस्ले उलटली’ असे म्हणेन. ल्यूज हा शब्द मूळ फ्रेंचमध्येही स्त्रीलिंगीच आहे. स्केलेटन मात्र कानाला स्त्रीलिंगी रुचत नाही, म्हणून तिथे ‘स्केलेटनची गाडी उलटली’ असे लिहिणे बरे. त्याचे भाषांतर करून ‘सांगाडा’ म्हणण्याचा मोह कृपया कोणी धरू नये.

माझी विनंती एवढीच आहे की, बातमीच्या पहिल्या वाक्यात खेळाचे नाव नेमके द्यावे, पुढे पुनरुक्ती टाळण्यासाठी ‘घसरगाडी’ खुशाल वापरावे, आणि ही पद्धत आपल्या क्रीडा विभागाने पुढील हिवाळी ऑलिंपिकपूर्वी लेखी ठरवून घ्यावी.

आपला नम्र,
एक नियमित वाचक