रेवतीला, जेंबेच्या वर्गातून

ऑकलंड, कॅलिफोर्निया
रविवार रात्र

प्रिय रेवती,

तुझा निरोप वाचला. त्याला व्हॉट्सॲपवर दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हे बाड. हिंजवडीच्या कंपनीला त्यांच्या साठ माणसांसाठी 'आफ्रिकन ड्रमिंग' हवंय, दोन तासांत प्रत्येकाला वाजवता आलं पाहिजे, शेवटी ग्रुप फोटो. आणि तू म्हणतेस, "तू तिकडे शिकतेसच, तर चार ठेके आणि चार स्टेप्स पाठवून दे." पाठवीन गं. पण इथे काय चालतं ते आधी ऐकून घे.

आमची कार्यशाळा भरते ॲलिस स्ट्रीटवरच्या मालोंगा कास्केलूर्ड सेंटरमध्ये. इमारत पालिकेची, जुनी, जिने दणकट. मालोंगा कास्केलूर्ड हे काँगोचे नर्तक आणि वादक. १९७७ मध्ये त्यांनी 'फुआ दिया काँगो' हा संच उभा केला, विद्यापीठांतही शिकवलं, आणि या गावातल्या कितीतरी जणांना पहिल्यांदा काँगोच्या तालावर उभं केलं. २००३ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एकाने त्यांच्या गाडीला धडक दिली, त्यात ते गेले. त्यानंतर या वास्तूला त्यांचं नाव मिळालं. आता तिथे एका खोलीत काँगो, दुसरीत हैती, तिसरीत ब्राझील असं चाललेलं असतं. भिंती पातळ आहेत, त्यामुळे कधी कधी आपण कुठल्या देशात नाचतोय हेच कळत नाही.

आमच्या वर्गाचे गुरुजी गिनीचे, कोनाक्रीचे. वय साठीच्या पुढे, पाय विशीतले. वर्गात शाळेच्या निवृत्त बाई आहेत, बसचालक आहे, तान्ह्या बाळाला कोपऱ्यात दुपट्यावर ठेवून नाचणारी एक आई आहे. बहुतेक जण इथलेच आफ्रिकन-अमेरिकन. माझ्यासारखे उपरे थोडे.

गाणं लावून नाच नाही, हे पहिलं लक्षात घे. एका भिंतीपाशी वादक बसतात. दोन-तीन जेंबे, म्हणजे हाताने वाजवायचे ढोल, आणि शेजारी आडवे ठेवलेले, काठीने वाजवायचे तीन डुनडुन: लहान केनकेनी, मधला सांगबान, मोठा डुनडुनबा. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने वरच्या लोखंडी घंटेवर ठोका. ताल खरा सांगबानवर उभा असतो. नवशिक्यांचं सगळं लक्ष जेंबेकडे असतं, माझंही होतं, पण आमची एक म्हातारी वादक म्हणते, जेंबे बडबड करतो, गोष्ट सांगबान सांगतो.

आपण तिघीतिघींच्या ओळी करून खोलीच्या एका टोकापासून वादकांच्या दिशेने नाचत जायचं. मुख्य जेंबेवाला ठरलेला एक बोल वाजवतो, त्याला इथे 'ब्रेक' म्हणतात. तो पडला की पाऊल बदललंच पाहिजे. आपल्या पथकात ताशाची तर्री आली की हात बदलायचा, तसंच. त्यामुळे मला वाटलं होतं की हे आपल्याला सोपं जाणार. पण तिथे आपण एकमेकांकडे बघून वाजवत होतो. इथे वादक नाचणारीच्या पायांकडे बघतो. ती जास्त वाकली, हात जास्त फेकला, की तो तिथल्या तिथे थाप घट्ट करतो. तिचं अंग त्याला सांगतं आणि त्याची थाप तिला. मागच्या आठवड्यात त्या बसचालकाने शेवटच्या रिंगणात उडी घेतली, तेव्हा जेंबेवाला स्टूल सोडून उभाच राहिला आणि त्याच्या टाचांशी टाच मिळवून वाजवत सुटला. सगळी खोली ओरडत होती. वर्ग संपला की आम्ही नाचत वादकांपुढे जातो, वाकतो, जमिनीला हात लावतो. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

सध्या 'कुकू' चाललंय. हा ताल गिनीच्या दक्षिणेकडच्या जंगलपट्टीतला, बेलाच्या बाजूचा. बायका मासेमारीहून परत आल्या की नाचायच्या. त्यामुळे त्यातल्या एका पावलात कमरेतून पूर्ण वाकून पाण्यातून जाळं उचलल्यासारखे हात वर आणायचे असतात. मी पहिल्यांदा ते नुसतं झोकात केलं. गुरुजी म्हणाले, "रिकामं जाळं उचलतेस. त्यात मासे आहेत." मग हात आपोआप जड झाले आणि पाठही वाकली. 'कासा' शेतात राबणाऱ्यांसाठी वाजतो, 'सोली' मुलांना मोठ्या माणसांत घेण्याच्या विधीशी बांधलेला. प्रत्येक तालाला गाव आहे, प्रसंग आहे. तुझ्या कंपनीत जर मी 'ठेका क्रमांक तीन' म्हणून सोली वाजवला, तर काय केलं मी? आपल्या गोंधळातलं संबळ उचलून कुणी वार्षिक संमेलनाला 'इंडियन बीट' म्हणून वाजवलं, तर तू किती बडबडली असतीस, आठव.

आणि हे सगळं रंगमंचावर यायलाही मोठी उलथापालथ व्हावी लागली. फोदेबा केइता नावाच्या गिनीच्या कवीने पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये 'ले बाले आफ्रिकॅं' हा संच काढला. १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाला आणि हाच संच देशाचा राष्ट्रीय नृत्यसंच झाला. गावोगावचे ताल एका मंचावर आणून जगभर फिरवले त्यांनी. जेंबे तुझ्या पुण्यापर्यंत पोचला तो या वाटेने. केइता पुढे मंत्री झाला, सरकारशी बिनसलं, आणि १९६९ मध्ये त्याला कॅम्प ब्वारोच्या तुरुंगात मारून टाकलं. गुरुजी हे एकदाच बोलले, जेंबेची दोरी आवळता आवळता, आणि लगेच वॉर्म-अप सुरू केला.

इथल्या लोकांची कथा आणखी वेगळी. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीपाशी गुलामांनी उठाव केला, ढोल वाजवत निघाले. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, कायदा आला आणि त्यात ढोल, शिंगं बाळगण्यावरही बंदी. मग लोकांनी मांड्यांवर, छातीवर, फळकुटांच्या जमिनीवर पायांनी ताल धरला. न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र रविवारी काँगो स्क्वेअरमध्ये जमून वाजवू देत. म्हणून आमच्या निवृत्त बाई जेंबेसमोर उभ्या राहिल्या की त्यांचा चेहरा माझ्यासारखा 'छान व्यायाम झाला' असा नसतो. त्या म्हणतात, "माझ्या पणजीच्या हातातून काढून घेतलेलं मी परत घ्यायला येते." मी काय बोलणार त्यावर?

ढोलावरून भांडणं अजून आहेतच. २०१५ मध्ये इथल्या लेक मेरिटच्या काठावर वाजवणाऱ्यांविरुद्ध एका रहिवाशाने पोलिसांना बोलावलं, तेव्हा गावभर रान उठलं. नदीपात्रातल्या आपल्या सरावावर होणाऱ्या तक्रारी आठवल्या मला. (खरं सांगू? आपण रात्री दहापर्यंत बडवायचो तेव्हा तक्रार करणारे काका बरोबर होते.) पण इथे मुद्दा नुसत्या आवाजाचा नाही; भाडी वाढतात, जुनी वस्ती हलते, आणि नव्याने आलेल्याला जुन्याचा ढोल खटकतो, असं ते प्रकरण आहे.

आता तुझ्या साठ माणसांचं. माझं मत ऐक. कार्यक्रम कर, पण 'आफ्रिकन' हा शब्द इतका सैल वापरू नकोस, आणि तू स्वतः शिकवू नकोस. आफ्रिकेचं ढोलवादन हवंय ना, मग पुण्याहून रात्रीच्या गाडीने हुबळीला जा आणि पुढे बसने यल्लापूर. त्या पट्ट्यात, हलियाळकडेही, सिद्दी लोकांची वस्ती आहे. पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, आज कोकणी, मराठी, कन्नड सगळं मिसळून बोलणारे, त्यामुळे तुला दुभाषा लागणार नाही. त्यांच्याकडे दमामी आहे, ढोलही आणि त्यावरचा नाचही. नाहीतर गुजरातेत भरूचजवळ रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्याचे सिद्दी, त्यांचा 'धमाल' नावाचा ढोलांवरचा नाच. त्यांच्याकडे मलुंगा नावाचं एकतारी धनुष्य असतं, तुंबा बांधलेलं. इथे शेजारच्या खोलीत कापोएराला, म्हणजे ब्राझीलच्या नाचासारख्या झुंजीला, बेरिंबाव वाजतो, तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आधी मलुंगाच वाटला. आपण शाळेच्या सहलीला मुरूड-जंजिऱ्याला गेलो, बुरूज मोजले, तोफ पाहिली, आणि सिद्दी म्हणजे फक्त किल्ल्यातला शत्रू एवढंच घेऊन घरी आलो.

फक्त एक कर. त्यांच्या हातात जेंबे देऊ नकोस. जेंबे पश्चिम आफ्रिकेच्या मांडे लोकांचा, सिद्दींचे बहुतेक पूर्वज पूर्व आफ्रिकेकडचे. त्यांना त्यांचं वाजवू दे. मोरपिसांचा पोशाख मागू नकोस, त्यांनी स्वतःहून आणला तर गोष्ट वेगळी. धमाल ही मुळात दर्ग्यावरची भक्ती आहे, तेव्हा कुठला भाग लोकांपुढे करायचा ते तेच ठरवतील. आणि पैसे. कंपनी तुला जेवढे देतेय त्यातला मोठा वाटा त्यांचा, प्रवास-जेवण वेगळं, आगाऊ. आमच्या वर्गात दाराशी डबा असतो, त्यातले वादकांचे पैसे वर्ग सुरू होण्याआधी बाजूला काढतात, माणसं कमी आली तरी.

साठ जणांना दोन तासांत वाजवता येणार नाही हे कंपनीला आजच सांगून टाक. टाळी धरता येईल, एक पाऊल येईल, आणि ब्रेक ऐकू येऊ लागेल. तेवढं पुष्कळ झालं. त्यांना पटलं नाही तर त्यांना दुसरी बाई मिळेल.

तुझ्या स्वतःच्या जेंबेचं पान सैल पडलंय म्हणालीस. उन्हात ठेवू नकोस, बकऱ्याचं कातडं तडकेल. उभ्या दोऱ्यांमधून आडवी दोरी दोन-दोनखालून घेऊन एकीवर परत ओढायची, गाठी बसत जातात, सगळीकडून सारख्या. एकटीने ओढू नकोस, मंदारला पाय लावून बसव समोर.

डिसेंबरात मी येतेय, तिकीट काढलं. यल्लापूरला तोवर गेली नसलीस तर थांब माझ्यासाठी, आणि आईंना सांग, मेथीचे लाडू करायचे तर जास्तच करा.

तुझी,
मुक्ता