वकिलातीत जाण्याआधी टोचणी

टॉवेल-चादरीच्या ऑर्डरसाठी सोलापूरहून आफ्रिकेत जाणाऱ्यांनी आधी त्या देशाचा व्हिसा कसा मिळतो, ते पाहावे. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली. त्यासाठी वकिलात गाठण्याचे कारणच नाही. दक्षिण आफ्रिकेचा अर्ज वकिलातीत नव्हे, व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीच्या केंद्रात द्यावा लागतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरून वकिलातीचे बंद दार पाहायचे नसेल, तर आपल्या सुट्ट्यांसोबत त्या देशाच्याही सुट्ट्या तपासा: उदाहरणार्थ, नायजेरियाचा स्वातंत्र्यदिन १ ऑक्टोबर.

खरी अडचण पीतज्वराच्या (यलो फीवर) लशीची. प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होते, म्हणून तिकिटाआधी लस घ्या. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि फोडलेली कुपी काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे केंद्रे ठरावीक वारीच लस देतात, नंबर आधी लावावा. अंड्याची तीव्र अॅलर्जी, गरोदरपण किंवा साठीपुढचे वय असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. या लशीचे प्रमाणपत्र असलेल्या पिवळ्या पुस्तिकेवरचे नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर जुळवा. जुनी पुस्तिका असेल तर ती टाकू नका. जुलै २०१६ पासून ती आजन्म ग्राह्य आहे. लागण असलेल्या देशातून प्रमाणपत्राविना परतल्यास आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, हे बरेच एजंट सांगत नाहीत.

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने आणि दोन कोरी पाने हवीत, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतेच.

– एक वाचक, सोलापूर