पेसमेकर बसवला, पण हाताचं कोण सांगणार?

मा. संपादक साहेब,

आमच्या आबांना मागच्या पावसाळ्यात पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके नीट ठेवणारी बॅटरीची डबी, बसवला. नाडी चाळीसच्या खाली गेलेली, दोनदा बांधावरच चक्कर येऊन पडले. ऑपरेशन चांगलं झालं, तिसऱ्या दिवशी सुट्टी. फाईलीत टाके, गोळ्या, मोबाईल डबीपासून लांब धरा वगैरे सगळं इंग्रजीत. डबीच्या बाजूच्या डाव्या हाताचं कोणी बोललंच नाही, किंवा बोलले असतील तर बिलाच्या गडबडीत आमच्या कानावरून गेलं.

अठराव्या दिवशी केळीची कटाई होती, दोन मजूर आले नाहीत आणि आबांनी घड उचलून सरळ खांद्यावर घेतला. संध्याकाळी उचकी लागली ती थांबेचना, रात्री परत चक्कर. एक्सरेत दिसलं की डबीची हृदयातली वायर जागेवरून सरकली. परत टेबलावर, परत खर्च.

दुसऱ्यांदा मात्र डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. डबी गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बसते, तिची वायर शिरेतून हृदयात जाते आणि टोकाला बारीक स्क्रू किंवा आकडे असतात. पण ते टोक तिथं मुरायला वेळ लागतो, केळीचं खोड लावलं की लगेच मूळ धरत नाही तसंच. म्हणून 4 ते 6 आठवडे तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, वजन उचलायचं नाही. अन हात झोळीत बांधूनही ठेवायचा नाही, नाहीतर खांदा आखडतो, हेही तेव्हाच कळलं.

अजून एक गंमत. बसल्या बसल्या डबी चाचपायची सवय खूप म्हाताऱ्यांना लागते. काही जण नकळत ती आत फिरवत राहतात, मग वायर गुंडाळत गुंडाळत हृदयातून बाहेर ओढली जाते. डॉक्टर लोकांना हे 1968 पासून माहीत आहे, ट्विडलर सिंड्रोम म्हणतात त्याला. आमच्याकडे तर फवारणी पंपाचा पट्टा पण बरोबर डबीवरच येतो, ते शहरातल्या डॉक्टरांच्या डोक्यात कसं येणार?

म्हणून मागणी एवढीच की खान्देशातल्या दवाखान्यांनी सुट्टी देताना हाताचं एक पान मराठीत, चित्रासकट द्यावं, आणि सिस्टरने अहिराणीत तोंडी सांगावं. दुसरं, डबी तपासायचं मशीन ज्या त्या कंपनीचं वेगळं, त्यांचा माणूस कधी येईल ते नक्की नसतं, त्यामुळे तपासणी राहून जाते. बॅटरी आठ दहा वर्षं चालते म्हणून लोक पण विसरतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात महिन्याचा एक दिवस ठरवून टाकला तर किती जणांची चक्कर वाचेल (दोन्ही अर्थाने).

आबा आता कटाईला बांधावर बसून घड मोजतात. हात डबीकडे गेला की माय लांबूनच ओरडते, "तठे हात नका लावू!"

एक वाचक, ता. चोपडा