पारदर्शक कॅबिनेट अंधारात तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाणखान्यातील होम थिएटरसाठी संगणक जोडताना पारदर्शक ॲक्रिलिकचे (काचेसारख्या प्लास्टिकचे) कॅबिनेट, म्हणजे संगणकाची बाहेरची पेटी, घ्यावे, अशी शिफारस करणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. कॅबिनेटच्या देखणेपणाबद्दल आणि आतल्या रंगीत दिव्यांबद्दल लेखकाने जे लिहिले आहे त्याबाबत वाद नाही. परंतु हे सारे परीक्षण दुकानातल्या लखलखाटात झालेले दिसते. असा संगणक प्रत्यक्षात चालतो तो दिवे मालवलेल्या शांत खोलीत, टीव्हीच्या लगत, बघणाऱ्याच्या थेट नजरेसमोर, आणि तिथे तो किती सुसह्य ठरतो याची लेखात चौकशीच नाही. संगणक जोडून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे ही दुसरी बाजू मांडत आहे.

सर्वांत मोठी अडचण उजेडाची आहे. पंख्यांचे आणि रॅमचे रंगीत दिवे सेटिंगमधून बंद करता येतात हे खरे, मात्र मदरबोर्डवरचे (मुख्य सर्किटच्या पट्टीवरचे) बारीक दिवे आणि नेटवर्कच्या जोडणीशेजारी सतत लुकलुकणारा दिवा बहुधा चालूच राहतो. पत्र्याच्या पेटीत ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत, पण पारदर्शक पेटीत चित्रपटातला रात्रीचा प्रसंग सुरू झाला की नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जाते. सगळे दिवे विझवले तरी ॲक्रिलिकच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पडद्यावरच्या हालचालींचे प्रतिबिंब उमटतच राहते. मग ग्राहक त्यावर कापड टाकतात, आणि हवा कोंडते!

उष्णतेबाबत ॲक्रिलिकला जरा जास्तच दोष दिला जातो, असे माझे मत आहे. पंखे असलेल्या संगणकातली बहुतेक उष्णता हवेबरोबर बाहेर पडते, त्यामुळे पेटी कशाची आहे यापेक्षा तिला जाळी कुठे आणि किती आहे हे महत्त्वाचे ठरते. मात्र आवाज नको म्हणून बिनपंख्याचा संगणक करायचा असेल, तर पेटीनेच उष्णता बाहेर टाकावी लागते. ॲल्युमिनियम उष्णता वाहून नेण्यात ॲक्रिलिकच्या सुमारे हजारपट सरस आहे, हे ध्यानात घेतले की या कामासाठी ॲक्रिलिकचा विचारही संभवत नाही. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हा फरक पुस्तकी राहत नाही.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही असा मुद्दा विद्युतचुंबकीय गोंगाटाचा, म्हणजे संगणकाच्या भागांतून निघणाऱ्या आणि बिनतारी संदेशांत अडथळा आणणाऱ्या लहरींचा. पोलादी पेटी हा गोंगाट बऱ्याच अंशी आत अडवते, तर ॲक्रिलिक तो जाऊ देते. यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पोहोचतो आणि बिनतारी कीबोर्ड व माऊस त्याच पट्ट्यात चालतात. सोफ्यावर बसून टाइप करताना अक्षरे गळू लागली, तर संशय आधी इथे घ्यावा. अर्थात याच गुणाचा एक फायदाही आहे: रिमोटचा इन्फ्रारेड संकेत टिपणारा भाग आणि वाय-फायचा अँटेना दोन्ही आतच ठेवता येतात, बाहेर तारा लोंबत नाहीत. न्यायाने हे श्रेय ॲक्रिलिकला दिलेच पाहिजे.

टिकाऊपणाचे काय? नव्या कॅबिनेटच्या प्रत्येक पट्टीवरचा संरक्षक कागद नखाने सोलताना पट्टीवर स्थिर विद्युत तयार होते आणि जोडणी पूर्ण होण्याआधीच आसपासची धूळ तिला चिकटते. स्क्रू गरजेपेक्षा थोडा जास्त आवळला की छिद्रापासून बारीक रेघ निघते, आणि पंख्याच्या कंपनाने ती पुढे सरकत राहते. काचा पुसायच्या अमोनिया किंवा अल्कोहोलयुक्त फवाऱ्याने तर पृष्ठभागावर जाळीदार तडे पडू शकतात. साबणाचे पाणी आणि मऊ सुती कापड एवढेच वापरावे, ही सूचना अशा लेखात हवीच होती. ॲपल कंपनीने २००० साली ‘क्यूब’ हा बिनपंख्याचा संगणक स्वच्छ पारदर्शक ॲक्रिलिकच्या आवरणात आणला, तेव्हाही आवरणावरच्या बारीक रेघांबद्दल ग्राहकांनी तक्रारी केल्या. त्या भेगा नसून साच्याच्या खुणा आहेत असा खुलासा कंपनीला करावा लागला, आणि वर्षभरातच त्याचे उत्पादन थांबले. विशेष म्हणजे त्यातही पारदर्शक होते ते फक्त बाहेरचे आवरण. आतला गाभा झाकलेलाच होता.

ज्यांना आतली मांडणी दिसायलाच हवी, त्यांनी पोलादी सांगाड्याचे, समोर जाळी असलेले आणि फक्त एका बाजूला टफन्ड काच बसवलेले कॅबिनेट घ्यावे व चित्रपट पाहताना काचेची बाजू प्रेक्षकांकडे न ठेवता भिंतीकडे वळवावी. ही काच काढल्यावर मात्र थेट फरशीवर टेकवू नये. टाइलला कोपरा लागताच अख्ख्या काचेचा चुरा होऊ शकतो. सफाईच्या वेळी खाली जुनी सतरंजी अंथरावी.

पुरवणीत यापुढे अशा वस्तूंचे परीक्षण छापताना खोलीचे तापमान, दोन तास चित्रपट चालवल्यानंतरचे प्रोसेसरचे तापमान आणि बसण्याच्या जागेवरून ऐकू येणारा आवाज या तीन नोंदी तरी द्याव्यात, आणि कॅबिनेटचे एक छायाचित्र दिवे बंद करून काढलेले असावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक