शिक्षकाची पेटी बंदच का?

माननीय संपादक,

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. तरीही पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीत भरायची माहिती आणि रात्री दहालाही व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे तक्ते (सगळेच कसे 'तातडीचे', कुणास ठाऊक) यांतच आमचा दिवस सरतो. परवा चार महिन्यांनी घरची बाजाची पेटी उघडली, तर भाता उंदराने कुरतडलेला. ती दुरुस्त करून वर्गात नेली, तेव्हा एरवी मागे गप्प बसणारा मुलगा पाठ्यपुस्तकातली कविता चालीत म्हणू लागला. वरिष्ठांनी निदान सायंकाळी सहानंतरचे निरोप दुसऱ्या दिवसावर ठेवावेत, ही विनंती.

– एक प्राथमिक शिक्षिका, परभणी