तू पाठवलेल्या बाटलीविषयी

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली बाटली पोहोचली. ‘मेंदूच्या पेशींसाठी अँटिऑक्सिडंट एन्झाइम’, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी इजा रोखणारे, असे तिच्यावर ठळक छापले आहे. ती मी अजून उघडलेली नाही आणि हा नुसता माझा हट्ट नाही, हे फोनवर पाच मिनिटांत समजावता येईना, म्हणून पत्र लिहायला बसलो. कंपवाताने थरथरणाऱ्या आईच्या हातापेक्षा तिच्या अक्षराने तू जास्त हादरलास, हे मला ठाऊक आहे. ओळीच्या आरंभी तिचा ‘क’ पूर्वीसारखाच ऐसपैस असतो आणि ओळ संपेपर्यंत तो मुंगीएवढा होतो. ते पाहून तुला काहीतरी करावेसे वाटले, यात नवल नाही.

लहानपणी सायकलवरून पडून तू गुडघा फोडून घेतला होतास. मी जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले, पांढरा फेस उसळला आणि तू रडायचा थांबून विचारलेस, ‘बाबा, हे उकळतंय का?’ ते उकळत नव्हते. रक्तात आणि फाटलेल्या पेशींत कॅटालेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते. फेस त्या ऑक्सिजनचा होता. या विकराचा एकेक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो.

आता गंमत अशी, की हेच पेरॉक्साइड आपल्या प्रत्येक पेशीत रात्रंदिवस तयार होत असते. श्वासातून आलेल्या ऑक्सिजनवर पेशीतील मायटोकाँड्रिया ऊर्जा निर्माण करतात, तेव्हा काही इलेक्ट्रॉन वाटेतच गळतात आणि ऑक्सिजनला चिकटून त्याचे सुपरऑक्साइड, म्हणजे पेशीला इजा करू शकणारे एक अस्थिर मूलक, करतात. तांबड्या पेशींतील तांबेयुक्त, निळसर हिरवे एक प्रथिन शास्त्रज्ञांना बरीच वर्षे माहीत होते, पण त्याचे काम कळलेले नव्हते. ड्यूक विद्यापीठातील जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी 1969 मध्ये दाखवून दिले, की ते सुपरऑक्साइडचा निकाल लावणारे विकर आहे. त्याचेच नाव सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज. मात्र निकाल लावते म्हणजे काय, तर त्याचे पेरॉक्साइड आणि ऑक्सिजन करते. ते पेरॉक्साइड पुढे कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज यांसारख्या विकरांनी वेळीच हटवले नाही आणि जवळ मोकळे लोह असले, तर त्यातून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होते, आणि ते समोर येईल त्या रेणूला ओरबाडते. म्हणून या साखळीतली एकच कडी जाड करून भागत नाही. बाटलीवर नेमकी पहिलीच कडी, सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज, मोठ्या अक्षरांत आहे.

मेंदूची अडचण आणखी बिकट आहे. शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळी जवळजवळ 20 टक्के ऑक्सिजन वापरतो, त्याच्या पेशींच्या आवरणांत सहज ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्ले भरपूर असतात आणि कॅटालेज मात्र यकृताच्या मानाने फारच थोडे असते. त्यामुळे पेरॉक्साइड हटवण्याचा बराचसा भार सेलेनियमयुक्त ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजवर आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन या विकरांवर पडतो. कंपवातात ज्या पेशी मरतात त्यांचा धंदाच जोखमीचा, कारण त्या डोपामाइन, म्हणजे हालचालींसाठी लागणारे निरोप्या रसायन, बनवतात आणि डोपामाइनचे विघटन होतानाही पेरॉक्साइड निर्माण होते. रुग्णांच्या मेंदूतील या पेशी असलेल्या काळसर भागात, मृत्यूनंतरच्या तपासणीत, लोह वाढलेले आणि ग्लुटाथायोन, म्हणजे पेरॉक्साइड हटवताना त्या विकराला लागणारे द्रव्य, घटलेले आढळते. पण पेशी मरू लागल्या म्हणून ग्लुटाथायोन घटले, की ते घटले म्हणून पेशी मरू लागल्या, हे मृत मेंदूवरून ठरवता येत नाही, आणि बाटली विकणारे नेमकी हीच अडचण झाकून ठेवतात.

यावर एक धडा तुला माहीत असायला हवा. एएलएस या आजारात स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी झडत जातात. काही घराण्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या येतो, आणि 1993 मध्ये त्यांपैकी काहींत सुपरऑक्साइड डिस्म्यूटेजच्याच जनुकात दोष सापडला. विकर दुबळे पडले, मूलके माजली, पेशी मेल्या, असा सरळ हिशेब अनेकांनी मांडला. मग उंदरांवर प्रयोग झाले. ज्यांचे हे जनुक पूर्ण काढून टाकले होते त्यांना तो आजार झाला नाही. उलट स्वतःचे विकर शाबूत असलेल्या उंदरांत माणसाचे सदोष जनुक घातले, तेव्हा ते लुळे पडले. म्हणजे विकराचा तुटवडा हे कारण नव्हते, तर चुकीची घडी पडलेले प्रथिनच पेशीत गोळा होऊन विषारी ठरत होते. या प्रकारच्या एएलएसवर टोफर्सेन नावाच्या औषधाला अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली. ते हे विकर वाढवत नाही, त्याचे उत्पादन कमी करते!

कंपवातावरही अँटिऑक्सिडंट देऊन पाहण्याचा विचार तपासून झाला आहे. सुमारे 800 रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत काहींना रोज 2000 युनिट ई जीवनसत्त्व, जे अँटिऑक्सिडंटच आहे, देण्यात आले आणि 1993 मध्ये निष्कर्ष आला, की आजाराची वाटचाल त्याने मंदावत नाही. न्यायाने सांगायचे तर, अल्झायमरच्या सौम्य ते मध्यम अवस्थेतील रुग्णांच्या 2014 सालच्या चाचणीत त्याच मात्रेने दैनंदिन व्यवहारांतील घसरण काहीशी मंदावली होती. तेव्हा या साऱ्या विषयाला मी थोतांड म्हणत नाही. पण गिळलेले विकर हे शेवटी प्रथिन. पोटात त्याचे पचन होते, आणि थोडेफार अखंड रक्तात गेले तरी रक्त आणि मेंदू यांमधला पडदा त्याला सहजासहजी आत सोडत नाही.

बाटलीवरच्या घटकांच्या यादीत खाली बारीक अक्षरांत लोहही आहे, हे तुझ्या नजरेतून सुटले असावे. लेव्होडोपा या आईच्या कंपवातावरील औषधासोबत लोह घेतले तर औषधाचे शोषण घटते, आणि आईचा सारा दिवस त्याच गोळीच्या वेळापत्रकावर चालतो. पुढच्या तपासणीला मी बाटली डॉक्टरांसमोर ठेवीन; तोवर ती कपाटात राहील. रागावू नकोस.

काही पाठवायचेच असेल तर रुंद ओळींच्या वह्या पाठव. ओळी आखलेल्या असल्या की तिचे अक्षर आटत नाही. या पाकिटावरचा पत्ता तिनेच लिहिला आहे. आधी मी पट्टीने तीन रेघा ओढून दिल्या होत्या, त्या नीट पाहिल्यास अजून दिसतील.

तुझे,
बाबा